रूथचं आख्यान बांधताना

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. चर्चमधली भक्ती, म्हणजे रविवारची उपासना, सुटली आणि पाळकसाहेबांनी मला पायरीवरच थांबवलं. "बाई, यंदा हंगामाच्या सणाला कीर्तन तुम्ही करा."

मी 31 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. चार माणसांसमोर उभं राहायची भीती नाही, गळाही बरा आहे. पण कीर्तन! आमच्या नेवासे तालुक्यात ख्रिस्ती मंडळ्यांना कीर्तन नवं नाही. माझ्या लहानपणी नाताळच्या आठवड्यात कीर्तनकार मुक्कामाला यायचे. रात्री जेवणं उरकली की देवळापुढं (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) घोंगड्या पडायच्या आणि आम्ही पोरं पुढची जागा धरून बसायचो. निम्मी पोरं आख्यान रंगायच्या आत झोपायची, मी मात्र जागी असायचे. पुढं कीर्तनकार थकले, तरुणांच्या हातात कीबोर्ड आला आणि बघता बघता दहा-बारा वर्षं गावात कीर्तन उभं राहिलं नाही.

पाळकसाहेबांनी हे का काढलं तेही मला माहीत होतं. आदल्या वर्षी बाहेरून एक गट आला होता. मोठा पडदा, मोठे भोंगे, आणि पडद्यावर मराठीत बोलणारा एक भला माणूस. शब्द सगळे मराठीच होते, पण वाक्यं कुठून तरी उचलून आणून इथं टेकवल्यासारखी. अर्ध्या तासात बायका एकेक करून उठल्या. आमच्या वस्तीवरच्या एका आजींना मी विचारलं, "कळलं नाही का?" त्या म्हणाल्या, "कळलं की. पण त्यो कुनाशी बोलत हुता?" ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. म्हणून मी हो म्हणाले.

शेजारच्या गावात एक जुने कीर्तनकार आहेत. वय 80च्या पुढं, सगळे त्यांना नाना म्हणतात. मी गेले तेव्हा ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पेटी येते?"

"नाही."

"टाळ?"

"भजनाला धरते."

"धरता का वाजवता?"

पहिले तीन आठवडे त्यांनी मला फक्त टाळ वाजवायला लावला. धुमाळी, केरवा, पुन्हा धुमाळी. बोलायचं नाही, गायचं नाही. ते स्वतः मांडीवर ठेका धरून भजन म्हणायचे आणि माझी टाळी जरा घसरली की गप्प व्हायचे. रागावायचे नाहीत, नुसते गप्प. मला वाटायचं, वेळ चाललाय, आख्यानाचं कधी बघणार? नंतर उमगलं. कीर्तनात बोलणारा सतत तालावरून उतरतो आणि पुन्हा तालावर चढतो. पाय तिथं पक्का नसेल तर बोलणं भाषणासारखं एकीकडं जातं आणि गाणं दुसरीकडं.

मग त्यांनी बांधणी सांगितली. आधी नमन. मग पूर्वरंग: एक मूळ पद घ्यायचं आणि त्याचं निरूपण करायचं. मध्ये भजन आणि जयघोष, लोकांनी जरा सैल होऊन बसावं म्हणून. मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे पूर्वरंगात जे बोललो ते एका माणसाच्या आयुष्यात घडलेलं दाखवायचं. शेवटी आरती आणि प्रार्थना. आख्यानात ओवी, साकी, दिंडी ही गायची वृत्तं कुठं घालायची याला कारण लागतं. "जिथं बोलून पुरेना तिथं गायचं," नाना म्हणाले. "उगाच गळा बरा आहे म्हणून नाही."

हे सगळं त्यांना त्यांच्या चुलत्यांकडून मिळालं आणि चुलत्यांना त्यांच्या आधीच्यांकडून. नानांच्या बोलण्यात नगरचे कृष्णराव सांगळे असे यायचे, जणू मागच्या आळीतच राहतात. एकोणिसाव्या शतकात, मिशनची शाळा आणि प्रार्थना सगळं विलायती वळणाचं असताना, सांगळ्यांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनात आणली. पुढं नारायण वामन टिळक आले. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्यांनी आमच्या मंडळ्यांना गायला जे दिलं ते आजही दर रविवारी आमच्या तोंडी असतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 1917 साली त्यांनी मिशनचा आधार सोडला आणि 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या मेळ्याची हाक दिली. नानांना ही गोष्ट फार मोलाची वाटते. मलाही वाटते. पैसा आणि चाल बाहेरून आली की बोलणाऱ्याची नजरही बाहेरच लागून राहते.

आणि आम्ही तर नेवाशाचे. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तो खांब आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. ओवी इथल्या मातीतली. तिकडं गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानंही 1616 साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीतच. विलायतेतून आलेल्या माणसाला जे कळलं ते आपण विसरावं, याचं मला वाईट वाटतं.

हंगामाचा सण, म्हणून आख्यान रूथचं घ्यायचं ठरलं. शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे चारच अध्यायांचं पुस्तक आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. नामी नावाची बाई नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर मवाब देशात जाते. तिथं नवरा जातो, लग्नं झालेली मुलंही जातात. उरतात तीन विधवा. नामी गावी परत निघते, तेव्हा एक सून माहेरी वळते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही. परक्या गावात येऊन ती लोकांच्या शेतात सरवा वेचते आणि बवाज नावाचा शेतमालक तिच्याकडं लक्ष देतो.

मी आठ दिवस बसून 14 पानं लिहिली. नानांपुढं वाचली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे वाचन झालं, बाई. निष्ठा, समर्पण, दैवी नियोजन. ह्यातलं नामीनं काय म्हटलं असतं?" मी गप्प. मग म्हणाले, "सरवा कधी वेचलाय?"

नव्हता. मास्तरांची मुलगी मी, पुढं मास्तरीण. आमच्या घरात धान्य पोत्यानं यायचं.

"मग ज्यांनी वेचलाय त्यांच्याकडं जा. लिहायला नको, ऐकायला जा."

फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू झाली, तेव्हा मी वस्तीवरच्या बायकांबरोबर रानात जाऊ लागले. चार दिवस गेले. मला काढणी जमली नाही, दुसऱ्या दिवशी तळहात सोलून निघाले. मग मी कणसं मोडायला बसले. बोलणं तिथंच होतं. मी रूथची गोष्ट सांगायची आणि त्यांनी हवं तिथं थांबवायचं.

पहिल्यांदा थांबवलं ते दुष्काळावर. मी म्हटलं, बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचं घर, आणि तिथंच भाकर मिळेना. एक म्हातारी लगेच बोलू लागली ती 72च्या दुष्काळावर. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशी तांबडी मिलो ज्वारी. तिची सासू दोन लेकरं घेऊन कामाच्या शोधात गेली ती एकालाच घेऊन परत आली. म्हणाली, "गावात आली तर कुनी नाव घेऊन हाक मारली की रडायची." मी शास्त्र उघडून वाचून दाखवलं. नामी बेथलेहेमात परतते, बायका विचारतात ही नामीच का, आणि ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनोरमा, मारा म्हणजे क्लेशमय, कडू. म्हातारी नुसती मान हलवत राहिली. माझ्या 14 पानांत या प्रसंगाला दोन ओळी होत्या.

मग सरवा. शास्त्रात शब्द हाच आहे, पण मी तो इतकी वर्षं नुसता वाचत आले होते. पीक उचलून नेल्यावर रानात जे पडून राहतं ते सरवा. ज्वारीची चुकार कणसं, भुईमूग काढल्यावर मातीत अडकलेल्या शेंगा. बायकांनी मला त्याची रीत सांगितली. पेंढ्या उचलल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही. मालकाच्या माणसानं हटकलं तर ओटी सोडून दाखवायची. एकटीनं जायचं नाही, चौघीजणींनी जायचं. हे शेवटचं सांगताना आवाज खाली आला. तरण्याताठ्या बाईला परक्याच्या रानात काय ऐकावं लागतं, काय सोसावं लागतं, ते त्यांनी मला फोडून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बवाज आपल्या गड्यांना बजावतो की तिला कुणी हात लावू नका. हे वाक्य त्या दिवसापर्यंत मला नुसतं सभ्यपणाचं वाटत आलं होतं.

पुढं बवाज म्हणतो, तिला पेंढ्यांमध्येसुद्धा वेचू द्या, तिला लाजवू नका. ते वाचल्याबरोबर दोघीतिघींचे हात थांबले. "पेंढ्यांत?" "हां, पेंढ्यांत." ज्यांना ती रीत माहीत आहे त्यांनाच कळणार, हा माणूस किती पुढं गेला ते. जेवायच्या वेळी तो तिला जवळ बोलावून भाजलेलं धान्य देतो आणि ती पोटभर खाऊन उरलेलं सासूसाठी राखून ठेवते. इथं मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडं हुरड्याला गेलेली बाई घरच्या म्हातारीसाठी मूठभर बांधून आणतेच.

शेवटचा प्रसंग मी घरी तयारी करून गेले. दिवसभराचा सरवा झोडून रूथला एफाभर सातू मिळाले, असं शास्त्र सांगतं. नानांचं म्हणणं, आकडा नको, पायलीत सांग. एफा म्हणजे साधारण 22 लिटर. मी घरातली जुनी पायली काढली, लिटरच्या मापानं 22 मापं ज्वारी घमेल्यात ओतली आणि पायलीनं परत मोजली. पाच पायल्या भरल्या आणि वर अधोली, म्हणजे अर्धी पायली. दुसऱ्या दिवशी रानात सांगितलं, संध्याकाळी रूथ घरी आली, पाच पायल्या आणि अधोलीभर धान्य घेऊन.

मघाची म्हातारी कणीस खाली ठेवून म्हणाली, "एकलीनं? एका दिसात? न्हाई जमत. सरवा न्हवं त्यो. मालकानं मुद्दाम टाकाया लावलंय."

माझ्या अंगावर काटा आला. तिला अक्षर येत नाही. ते वचन मी त्यांना अजून वाचून दाखवलेलं नव्हतं. शास्त्रात तसंच आहे: बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मूठ मूठ मुद्दाम गाळा, तिला वेचू द्या. आणि नामीही धान्य बघितल्याबरोबर सुनेला हेच विचारते, आज कुठं वेचलंस गं? इतकी वर्षं मी हे पुस्तक मुलांना शिकवलं, पण सासूला तो प्रश्न का पडला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो प्रश्न मापाचा होता. म्हातारीनं मापावरून दया ओळखली.

त्या रात्री मी 14 पानं बाजूला ठेवली आणि नव्यानं लिहायला बसले.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि नानांचं चांगलंच वाजलं. सातू कुणाच्या ओळखीचे नाहीत, म्हणून मी सरळ ज्वारी म्हणायचं ठरवलं होतं. नाना अडून बसले. "बेथलेहेमात ज्वारी पिकवू नका. सातूच म्हणा, आणि त्याच्या ओंबीला गव्हासारखी कुसळं असतात, बोटाला टोचतात, ते सांगा. लोक परकं धान्यही आपलं करून घेतात, तुम्ही फसवायचं नाही." मला आधी पटलं नाही. वस्तीवर एकदा सराव म्हणून सांगून पाहिलं तेव्हा पटलं. कुसळं टोचतात म्हटल्यावर समोरच्या बाईनं नकळत बोटं चोळली.

दुसरा शब्द पाळकसाहेबांमुळे सापडला. बवाज रूथला म्हणतो, परमेश्वराच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस. पुढच्या अध्यायात खळ्यावर रूथ त्याला म्हणते, तुमचं पांघरूण या दासीवर घाला. पाळकसाहेबांनी दाखवलं की मूळ हिब्रूत दोन्हीकडं एकच शब्द आहे, कानाफ. पंखही तोच आणि वस्त्राचा काठही तोच. म्हणजे रूथ त्याला सुचवते आहे की देवाच्या पंखांची गोष्ट केलीत, आता तुम्हीच ते पंख व्हा. मला हे फार आवडलं, पण कीर्तनात हिब्रू सांगणार कसं? पंडिता रमाबाई आठवल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल असं शास्त्र मराठीत आणायचं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 साली वारल्या तोवर त्यांचं भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते आपल्याच छापखान्यात छापलं. त्यांनी एवढं केलं, मला एक शब्द शोधायचा होता.

तो मला शोधावा लागलाच नाही. रानातली एक बाई आपल्या भाचीबद्दल बोलत होती. भाचीचे आईबाप गेले तेव्हा, "म्या तिला पदरात घेतली." पदर! वस्त्राचा काठही तोच आणि आसराही तोच. हिब्रूतली जोडी आमच्या बोलण्यात जशीच्या तशी बसलेली. मी पूर्वरंगाचं निरूपण मोडलं आणि सगळं पदरावर बांधलं: देव पदरात घेतो म्हणजे काय, आणि ज्याला पदरात घेतलं त्यानं दुसऱ्याला कसं घ्यायचं.

गाण्याचंही तसंच झालं. मी एक साकी रचली होती, मात्रा मोजून. नानांनी ती ठेवली, पण सरव्याच्या प्रसंगाला नको म्हणाले. तिथं जात्यावरची ओवी हवी. ती मी आणि रानातल्या बायकांनी मिळून केली, कणसं मोडता मोडता:

रूथ ग सरवा वेची, डोईला पदर ओला
सासूच्या जात्यासाठी, दाणा दाणा गोळा केला

"ओला" हा शब्द माझा नाही. मी "भला" लिहिलं होतं. एकीनं विचारलं, "उन्हात वाकल्यावर पदर भला का ओला?"

मार्चात साथीची जमवाजमव. देवळातल्या पेटीचे तीन सूर बसले होते आणि भात्याला भोक होतं. दुरुस्तीला 1,400 रुपये लागले, ते तरुण मंडळींनी आपसात काढले. पखवाज आमच्याकडं नव्हताच. गावातल्या भजनी मंडळात एक वारकरी घर आहे, त्यांचा मुलगा फार सुंदर पखवाज वाजवतो. मी भीतभीतच विचारायला गेले. त्याचे वडील म्हणाले, "कीर्तन आहे ना? मग विचारायचं काय." तो रोज संध्याकाळी सरावाला आला. एकदा त्यानंच सुचवलं की सासू-सुनेच्या निरोपाच्या जागी ठेका थांबवावा, नुसता टाळ राहू द्यावा. ते मी तसंच ठेवलं. मोठे भोंगे भाड्यानं आणायचा विषय निघाला, पण मी नको म्हणाले. देवळातला एक छोटा ध्वनिक्षेपक पुरेसा होता. खर्चासाठी बाहेर कुणाला पत्र लिहिलं नाही. सणाला घराघरातून धान्य येतं, कोंबडी, अंडी, भोपळे येतात, त्यांचा लिलाव होतो. चहा आणि मांडव त्यातच निघाला.

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, लिंबाखाली. नाना पहिल्या रांगेत खुर्चीवर, हातात काठी. नमन बरं झालं. पूर्वरंगात माझा श्वास पुरेना, मूळ पदाचा दुसरा चरण मी दोनदा म्हटला आणि तिसऱ्याकडं वळायचं विसरले. पेटीवरच्या पोरानं सावरून घेतलं. मधल्या भजनाला लोकांनी टाळ्या धरल्या, तेव्हा कुठं छातीतली धडधड कमी झाली. आख्यान सुरू झालं आणि दुष्काळाच्या प्रसंगापासून मला समोरचे चेहरे दिसायला लागले. नामी म्हणाली मला मारा म्हणा, तेव्हा मागं कुणीतरी मोठ्यानं "अगं बाई" म्हटलं. निरोपाच्या जागी पखवाज थांबला. फक्त टाळ, तीन आठवडे घोटलेला. रूथचं बोलणं मी गायलं नाही, सांगितलं: तुम्ही जाल तिथं मी येणार, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव.

सरव्याची ओवी मी सुरू केली आणि दुसऱ्यांदा म्हणताना रानातल्या साऱ्याजणी सूर मिळवून म्हणू लागल्या. ठरवलेलं नव्हतं. पाच पायल्या आणि अधोलीवर आले तेव्हा मी मुद्दाम थांबले आणि विचारलं, "एकटीनं एवढं जमतं का?" मांडवातून एकदम आवाज उठला, "न्हाई!" मग मी बवाजानं गड्यांना काय सांगितलं होतं ते सांगितलं. शेवटी रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद, आणि त्या वंशातून पुढं बेथलेहेमातच जन्मलेलं बाळ. परक्या मवाबी बाईचं नाव मत्तयानं प्रभूच्या वंशावळीत लिहून ठेवलं आहे, एवढं सांगून आरती घेतली.

नानांनी "बरं झालं" म्हटलं. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

लिलावाची गडबड सुरू झाली तेव्हा रानातली म्हातारी माझ्याजवळ आली. माझा हात धरून तिनं मला मांडवाच्या कडेला नेलं आणि म्हणाली, "समदं खरं सांगितलंस. पर सरवा वेचताना तू उभी व्हतीस. असं उभ्यानं कुनी वेचतं व्हय? कंबरेत वाकावं लागतं, आन् ओटी डाव्या हातानं धरावी लागती." तिनं ते करून दाखवलं. पदर कंबरेला खोचला, डाव्या हातानं ओटी धरली, उजव्या हातानं जमिनीवरचं काहीतरी उचललं, पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा उचललं. पाठ एकदाही सरळ केली नाही.

पुढचं कीर्तन नदीपलीकडच्या वस्तीवर आहे, येत्या शनिवारी. रोज सकाळी अंगणात मी तसं वाकून ओवी म्हणून बघते. वाकल्यावर श्वास कमी पडतो, म्हणून "दाणा दाणा" जरा तोडून म्हणावं लागतं. पखवाजवाल्या मुलाला ते सांगायचं आहे.